वरचे गाव आणि खालचे गाव

इसापनीतीतील लांडगा आणि कोकरू यांची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी वाचलेली असते. लांडगा ओढ्याच्या वरच्या अंगास पाणी पीत होता, कोकरू खालच्या अंगास. आणि तरीही पाणी गढूळ केल्याचा आरोप लांडग्याने कोकरावर ठेवला. कोकराने दिलेले उत्तर तर्कशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होते. पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येते, माझ्याकडून तुमच्याकडे जात नाही, असे ते म्हणाले. त्या उत्तराचा त्यास उपयोग किती झाला हे सर्वांस ठाऊकच आहे. ‘बळी तो कान पिळी’ असे या गोष्टीचे तात्पर्य सांगण्याची वहिवाट आहे, आणि ते खोटे नव्हे. परंतु लांडग्याचे दात काढून टाकले तरीही शिल्लक राहील असे आणखी एक तात्पर्य तीत आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. समजा, वरच्या अंगास लांडग्याऐवजी दुसरे एक कोकरूच उभे असते व पाणी पिता पिता त्याच्या पायाने तळाचा चिखल ढवळला गेला असता, तर खालच्या कोकरास गढूळच पाणी प्यावे लागले असते. वरच्या कोकरास त्याची वार्ताही लागली नसती, आणि लागली असती तरी त्याच्या स्वतःच्या घोटात काही उणे पडले नसते. नदीकाठी अन्याय घडावयास दुष्टपणाची गरज नसते. जमिनीचा थोडासा उतार पुरतो.

आपल्या नीतिनियमांपैकी बहुतेकांच्या बुडाशी परस्परतेची कल्पना असते. आपणास जे नकोसे वाटते ते दुसऱ्यास करू नये, हा उपदेश महाभारतात आहे, कन्फ्यूशियसच्या वचनांत आहे आणि वेगळ्या शब्दांत बायबलातही आहे. हा नियम उदात्त आहे यात शंका नाही. पण व्यवहारात तो पाळला जातो याचे श्रेय केवळ त्याच्या उदात्ततेस देणे भाबडेपणाचे होईल. शेजाऱ्याच्या अंगणात मी केर टाकला तर उद्या तोही माझ्या अंगणात टाकील, हे मी जाणतो; आणि माझ्या सद्‌गुणास या जाणिवेचा टेकू असतो. नदीने हा टेकू काढून घेतलेला आहे. खालच्या गावाने कितीही संतापून नदीत काही टाकले तरी ते वर चढून येत नाही. वरच्यास खालच्यापासून भय नाही आणि फारशी आशाही नाही. म्हणून नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न हा आरोग्याचा, कायद्याचा व स्थापत्याचा प्रश्न असला तरी त्यांच्याआधी तो नीतिशास्त्रातील एका अवघड प्रश्नाचे मूर्त रूप आहे. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही व प्रतिकाराची धास्ती नाही, त्याच्याशी मनुष्याने कसे वागावे, आणि तो तसा वागावा म्हणून समाजाने काय करावे?

हा प्रश्न हवेत चर्चिण्यापेक्षा एखाद्या खऱ्या नदीच्या काठी उभे राहून चर्चिलेला बरा. त्यासाठी पंचगंगा घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही नदी कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे एक नाव धारण करते, कोल्हापूर शहरावरून पूर्वेकडे वळते, इचलकरंजीवरून शिरोळ तालुक्यात उतरते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. सारा प्रवास सुमारे ८० किलोमीटरांचा. एवढ्या थोड्या अंतरात एक मोठे शहर, एक मोठे उद्योगनगर, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती, शेकडो एकर ऊस आणि एक प्रसिद्ध तीर्थक्षेत्र तिच्या काठी येतात. नदी मोठी नाही. तिच्यावरचा भार मात्र मोठा आहे.

यांपैकी इचलकरंजीची कथा विशेष बोधप्रद आहे. संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग बसविला. त्या एका मागापासून पुढे गावात घरोघर मागांचा खडखडाट सुरू झाला आणि इचलकरंजीस ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ हे नाव पडले. हे नाव देणाऱ्यांच्या मनात मँचेस्टरचे वैभव होते. त्या वैभवाच्या काळात तेथील अर्वेल नदी काळी पडली होती, हे बहुधा नव्हते. नुसत्या विणकामाने नदी फारशी बिघडत नाही. परंतु विणताना सूत तुटू नये म्हणून त्यास खळ द्यावी लागते. पुढे कापड धुताना ती खळ पाण्यात उतरते. मग कॉस्टिक सोडा, मग ब्लीच, मग रंग, आणि रंग धाग्यात मुरावा म्हणून दर लिटर पाण्यात कित्येक ग्रॅम मीठ. हे सर्व पाणी काळ्या ओढ्यातून पंचगंगेकडे जात आले. ओढ्याचे हे नाव कोणा कवीने दिलेले नाही. पाहणाऱ्यांनी जे पाहिले ते सांगितले, एवढेच.

यात घडते ते असे. उन्हाळ्यातील कोमट स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावर जगतात. खळ, मळी, मैला असे कुजणारे पदार्थ पाण्यात आले म्हणजे त्यांना कुजविणारे सूक्ष्म जंतू तो प्राणवायू खाऊन टाकतात. पावसाळ्यात प्रवाह मोठा असल्याने नदी हा तोटा भरून काढते. परंतु उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांस बरगे घातलेले असतात, पाणी कोंडलेले असते, आणि कोंडलेल्या पाण्यास श्वास घेण्यास वाव नसतो. मग शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडतो आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. रंगाचे मीठ तर कुजतही नाही. ते जंतूंनी खाल्ले जात नाही, उन्हाने उडून जात नाही, आणि नदीतून शेतात व शेतातून विहिरीत उतरते. म्हणजे काही अपराध नदी स्वतः धुऊन टाकू शकते, काही शकत नाही. आणि जे धुऊ शकते तेही तिच्या ऐपतीपुरतेच.

आता यात वरचा कोण व खालचा कोण? शिरोळच्या शेतकऱ्यास इचलकरंजी हे वरचे गाव आहे. परंतु इचलकरंजीच्या डोक्यावर कोल्हापूर आहे. कोल्हापूरच्या सांडपाण्यापैकी पुष्कळसे जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून वर्षानुवर्षे नदीत जात राहिले. त्यानंतर इचलकरंजीच्या नागरिकांनी ते पाणी उचलून प्यावयाचे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची भयंकर साथ आली, हजारो माणसे अंथरुणास खिळली व कित्येक दगावली. अशी साथ रंगाच्या पाण्याने येत नाही. ती मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून येते. ज्या गावाकडे आपण औद्योगिक प्रदूषणाचा कर्ता म्हणून बोट दाखवितो, तेच गाव दूषित पाण्याने होरपळून निघाले. इसापाच्या गोष्टीत लांडगा तो लांडगा आणि कोकरू ते कोकरू अशी सोय होती. खऱ्या नदीवर प्रत्येक गाव वरच्यापुढे कोकरू आणि खालच्यापुढे लांडगा असते. सकाळी निवेदन घेऊन जाणारा मनुष्य संध्याकाळी त्याच नदीत आपल्या गावाचा नाला सोडतो.

यावरून खालचेपणा भोगल्याने मनुष्यास वरचेपणाचे कर्तव्य आपोआप सुचेल, अशी आशा वाटण्याचा संभव आहे. अनुभव तसा नाही. दारची नदी पिण्यास अयोग्य झाली म्हणजे शहरे सहसा ती दुरुस्त करण्याआधी दुसऱ्या नदीकडे पाहू लागतात. इचलकरंजीने कृष्णेचे पाणी आणले. तेही पुरेनासे झाले तेव्हा वारणेवर दृष्टी गेली. २०१८ साली दानोळी व वारणाकाठच्या इतर गावांनी त्या योजनेस कडाडून विरोध केला. पुढे दूधगंगेवर सुळकूड येथून पाणी आणण्याची योजना निघाली. २०२३ साली कागल भागातून तिलाही तसाच विरोध झाला. विरोध करणारांच्या मनात आपले पाणी तुटेल ही भीती होतीच. परंतु तुमच्या दारची नदी आधी स्वच्छ करा, हाही त्यांचा एक आक्षेप होता. इचलकरंजीच्या आयाबायांस चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी मिळते तेव्हा त्यांच्यापुढे हा आक्षेप उच्चारणे कठोरपणाचे वाटेल, आणि तहानलेल्यास नीतिपाठ देऊ नये हेही खरे. तथापि आक्षेपातील तत्त्व नाकारता येत नाही. जो आपल्या नदीचे ऋण फेडीत नाही, त्यास दुसऱ्या नदीच्या दारी उधारी मिळणे कठीण जाते.

नदी बिघडविणारांचा बचाव साधारणपणे तीन प्रकारचा असतो. पहिला असा की, माझा वाटा तो केवढासा? शेकडो कारखाने, लाखो घरे; त्यांत माझी एक नळी बंद झाली तर नदी काही निर्मळ होणार नाही. हा युक्तिवाद दिसतो तितका भोळा नाही, कारण त्यातील शेवटचे विधान अक्षरशः खरे आहे. परंतु हाच युक्तिवाद त्याच गृहस्थाच्या पेढीवर लावून पाहावा. एखाद्या कारकुनाने प्रत्येक ग्राहकाच्या खात्यातून दरमहा एक-एक पैसा काढून घेतला, आणि पकडला गेल्यावर एकाही ग्राहकाचे म्हणण्यासारखे नुकसान झालेले नाही असे सांगितले, तर शेठजी त्यास सोडून देतील काय? अपराध किती जणांत वाटला गेला यावरून तो नाहीसा होत नाही. अनेकांनी मिळून उचललेल्या ओझ्याखाली एखादा चिरडला गेला, तर प्रत्येक उचलणारा आपल्या हातापुरता उत्तरदायी असतो. शिवाय, ‘माझ्या एकट्याने काय होणार’ हे वाक्य सर्वांच्याच तोंडी शोभते. आणि जे वाक्य सर्वांना सारखेच निर्दोष ठरविते व तरीही नदी मेलेली राहते, त्या वाक्यातच काही दोष असला पाहिजे.

दुसरा बचाव पैशाचा आहे. जो घाण करील त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले. तामिळनाडूतील पालार नदी व तिच्या काठच्या जमिनी कातडी कमावण्याच्या पाण्याने नासल्या होत्या. हे तत्त्व न्याय्य आहे. पण त्याचा अर्थ लावताना एक घसरण सहज होते. ‘घाण करणाराने पैसे द्यावेत’ याचे ‘पैसे देणाराने घाण करावी’ असे रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. शुल्क आणि दंड यांत भेद आहे. शुल्क हे कर्माची अनुज्ञा होय, दंड हा कर्माचा निषेध होय. नाटकगृहात शिरताना आपण पैसे देतो ते शुल्क; चोरास पैसे द्यावे लागतात तो दंड; आणि चोराने दंडाची रक्कम आधीच खर्चात धरून चोरी केली, तर दंडाचे शुल्क झाले असे समजावे. महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, १९६९ साली, जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला, १९७० साली त्यासाठी मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा १९७४ सालचा. २०२४ साली त्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन, प्रथम काही राज्यांपुरती का होईना, कित्येक अपराधांच्या बाबतीत कैदेच्या जागी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा द्रव्यदंड आला. क्षुल्लक चुकीसाठी कोणास तुरुंगात धाडू नये हे योग्यच. परंतु मोठ्या उद्योगाच्या हिशेबवहीत असा आकडा दंडाच्या सदरात पडेल की खर्चाच्या, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

याहून मूलगामी आक्षेप दुसरा आहे. किंमत ही दोन पक्षांच्या संमतीने ठरते. विकणारास ‘नाही’ म्हणता येते, म्हणूनच त्याच्या ‘होय’ला अर्थ असतो. तेरवाडच्या शेतकऱ्यास किंवा कोळ्यास कोणी विचारले होते काय, की तुझी नदी काळी करावयाची आहे, तू किती घेशील? विचारले असते आणि त्याने नाही म्हटले असते, तर नळ्या बंद होणार होत्या काय? ज्याच्या नकारास किंमत नाही त्याच्याशी झालेला सौदा हा सौदा नव्हे. म्हणून नदीच्या बाबतीत भरपाई ही झालेल्या हानीची अपुरी दुरुस्ती असू शकेल. पुढील हानीचा परवाना ती कधीही होऊ शकत नाही.

हा न्याय राष्ट्राराष्ट्रांतही किती कष्टाने मिळतो, याचे उदाहरण युरोपातील ऱ्हाईन नदी देते. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील पोटॅशच्या खाणी टाकाऊ मीठ त्या नदीत सोडीत, आणि खाली हॉलंडमधील बागाईतदारांना ते खारट पाणी रोपांस घालावे लागे. १९७६ साली बॉन येथे करार झाला, त्यात हे मीठ कमी करण्याच्या खर्चाचे वाटे ठरले. फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के आणि हॉलंड ३४ टक्के! सर्वांत खालचा, सर्वांत जास्त सोसणारा, त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलावयाचा. खालच्यास घाई असते आणि वरच्यास नसते, याहून दुसरे समर्थन त्यास सुचणे कठीण आहे. परंतु त्याच वर्षी तेथील एका रोपवाटिकेच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला, की हानीचे कारण जेथे घडले तेथे किंवा हानी जेथे झाली तेथे, यांपैकी कोठेही दावा लावण्याची मोकळीक फिर्यादीस आहे. वरवर पाहता हा केवळ अधिकारक्षेत्राचा तांत्रिक मुद्दा. पण त्याचा नैतिक आशय मोठा आहे. पाणी वर चढत नाही; न्यायालयाचे बोलावणे वर चढू शकते. निसर्गाने नाकारलेली परस्परता कायद्याने निर्माण करावयाची असते, हेच कायद्याचे नदीकाठचे मुख्य काम होय. पुढे १९८६ च्या नोव्हेंबरात बाझेलजवळ रसायनांच्या गुदामास आग लागली, विझविण्याच्या पाण्याबरोबर विषे नदीत गेली, नदी तांबडी झाली व शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. तेव्हा मात्र काठची सर्व राष्ट्रे जागी झाली, आणि १९८७ सालच्या कार्यक्रमाने नदीच्या शुद्धीची मोजपट्टी म्हणून सामन माशाचे पुनरागमन निवडले. तो मासा पुन्हा दिसू लागला. त्याची निवड मार्मिक होती. सामन समुद्रातून नदीच्या उगमाकडे चढतो, आणि म्हणून खालपासून वरपर्यंत नदी जिवंत असल्याची साक्ष तो एकटाच देऊ शकतो.

तिसरा बचाव सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो उपहासाने उडवून लावणे योग्य नव्हे. तो पोटाचा. माग बंद पडले, रंगाईघरे बंद पडली, तर हजारो कामगारांच्या चुली विझतील. नदी निर्मळ आणि पोट रिकामे, यात कोणते पुण्य? या आक्षेपाचे उत्तर देताना प्रथम हे लक्षात घ्यावे की चूल खालच्या गावासही आहे. कोळ्याचे जाळे, शेतकऱ्याची जमीन, विहिरीचे पाणी यांवर ज्यांचे पोट होते त्यांच्या चुली आधीच विझल्या. त्या एकेक करून व निमूटपणे विझल्या, म्हणून त्यांचा मोर्चा निघाला नाही, इतकेच. दुसरे असे की, पाणी शुद्ध करण्याचा खर्च कामगाराच्या मजुरीतूनच यावा असा सृष्टिनियम नाही. तो कापडाच्या किमतीत यावयास हवा. आज बाजारात कापड स्वस्त मिळते याचे एक कारण असे, की त्याच्या किमतीचा काही भाग शिरोळचा शेतकरी भरीत असतो. दुकानदाराच्या पावतीवर तेवढा भाग छापलेला नसतो. वरच्या गावाचा शोध घेत आपण नदीच्या उगमाकडे चालू लागलो, तर कोल्हापूरच्याही पलीकडे, पुण्या-मुंबईच्या आणि परदेशच्या दुकानांत स्वस्त सदऱ्याची घासाघीस करणाऱ्या ग्राहकापाशी येऊन पोचतो. त्याने पंचगंगा पाहिलेली नसते. पण या उतारावर सर्वांत वर तोच उभा असतो.

हे तिन्ही बचाव एकत्र उभे राहिले व एकेक करून पडले, असे एक स्थळ आपल्या देशात आहे. तामिळनाडूतील तिरुप्पूर हे विणलेल्या बनियनांचे व सदऱ्यांचे जगप्रसिद्ध केंद्र. त्याच्या रंगाईघरांचे पाणी कावेरीस मिळणाऱ्या नोय्यल नदीत जाई. शेतीसाठी म्हणून त्या नदीवर ओरतुपाळयम् येथे १९९२ साली धरण बांधून झाले. काही वर्षांतच त्या धरणात सिंचनाच्या पाण्याऐवजी रंगाईघरांचे खारे पाणी साचले, आणि ज्यांच्यासाठी धरण बांधले त्या शेतकऱ्यांवरच, आमच्या शेतात हे पाणी सोडू नका, असे म्हणून न्यायालयात जाण्याची पाळी आली. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली सांडपाण्याचा एक थेंबही नदीत न सोडण्याची मुदत घातली आणि तोवर दर लिटरमागे सहा पैशांपासून चढत जाणारा दंड बसविला. सहा पैशांचे आठ, आठाचे दहा झाले; नदी काळीच राहिली. लिटरमागे पैसे म्हटले की मनुष्यास दंडापेक्षा दुधाचा किंवा रॉकेलचा दर आठवतो. अखेरीस २०११ च्या जानेवारीत न्यायालयाने सर्व रंगाईघरे बंद करविली. मजुरांचे हाल झाले, गाव हादरले, काही काम चोरून इतर गावी गेले. परंतु सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामुदायिक शुद्धिकेंद्रांत पडद्यांतून पाणी गाळण्याची व उरलेले खारे पाणी आटविण्याची यंत्रे चालू झाली, आणि निघालेले स्वच्छ पाणी पुन्हा त्याच रंगाईघरांत जाऊ लागले. तिरुप्पूरचा धंदा बुडाला नाही. उद्योग व नदी यांतील एकाचा बळी दिलाच पाहिजे, हे मत अनुभवाच्या कसोटीस उतरले नाही.

या व्यवस्थेत यंत्रांपेक्षाही अधिक लक्ष देण्याजोगी एक गोष्ट आहे. तेथील रंगाईघर आता आपलेच सोडलेले पाणी शुद्ध होऊन परत घेते; म्हणजे ते स्वतःचेच खालचे गाव झालेले आहे. आपले पाणी किती स्वच्छ करावे हे आता त्यास परोपकारबुद्धीस विचारावे लागत नाही. पाणी वाईट झाले तर रंग वाईट चढेल. नदीवरील सर्व कायद्यांचे सार एका ओळीत सांगावयाचे झाले तर ते असे सांगता येईल, की प्रत्येकाने आपली पाणी घेण्याची नळी आपल्या सांडपाण्याच्या तोंडाखाली ठेवावी. कारखान्यांनी तर खरेच, पण नगरपालिकांनीही. ज्या शहराचे पिण्याचे पाणी त्याच शहराच्या नाल्यांच्या खालून उचलावे लागेल, त्या शहरातील उपसा पंप बंद पडलेले दोन दिवस राहणार नाहीत.

कोणी म्हणेल, मग यात नीती ती कोठे राहिली? हा तर शुद्ध स्वार्थ झाला. भीतीने पाळलेला धर्म हा धर्म नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. सक्तीने घडलेले सत्कृत्य कर्त्याच्या पुण्याच्या खात्यात जमा होत नसेल. खालच्या गावातील मुलास मात्र ते पाणी तितकेच गोड लागते. आणि नीतीचे स्थान येथे नाहीसे होत नाही, ते एक पायरी वर सरकते. आपणच आपल्यावर असे बंधन घालून घ्यावे, ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी आपले वरचेपण आपल्या हाताने सोडावे, ही इच्छा स्वार्थातून येत नाही. तिरुप्पुरास ती आली नाही, न्यायालयास आणावी लागली. आणि न्यायालयही शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे दार ठोठावले म्हणून हलले. शिवाय खालचे गाव केवळ स्थळात नसते, काळातही असते. आटविलेल्या खाऱ्या पाण्यातून निघणारा मिठाचा गाळ काही नाहीसा होत नाही. तो कोठेतरी साठवावा लागतो, आणि त्याची राखण पुढच्या पिढीकडे जाते. आपल्यानंतर जन्मणाऱ्याच्या गावाखाली कोणासही आपली नळी बसविता येत नाही. तेथे यंत्राचे व न्यायालयाचे हात पोचत नाहीत आणि मनुष्याच्या सद्‌सद्विवेकावरच विसंबावे लागते.

नदीस माता मानणाऱ्या समाजात हा विवेक सुलभ असावा, असे वाटते. मोठ्या पुरात नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेचे पाणी दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करण्यास हजारो भाविक येतात. त्यांच्या श्रद्धेविषयी आदरच बाळगला पाहिजे. मात्र जे पाणी त्या द्वारातून बाहेर येते तेच चार दिवसांपूर्वी काळ्या ओढ्याच्या तोंडावरून गेलेले असते, याचा विसर त्या श्रद्धेस परवडणारा नाही. जी सर्वांस पावन करते तिला कोण मलिन करणार, या समजुतीने आपण नदीवर उपचार करण्याऐवजी तिच्यावर भार टाकीत आलो. सोमवारच्या कहाणीतील राजाने महादेवाचा गाभारा भरण्यासाठी गावातील सारे दूध आणविले. मुलाबाळांच्या व वासरांच्या तोंडचे दूध काढून आणलेले ते, म्हणून गाभारा काही भरला नाही. एका म्हातारीने घरच्यांस पाजले, वासरांस पाजले, आणि उरलेले खुलभर दूध वाहिले, तेव्हा तो भरला. आपल्या माजघरांत बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या या कहाणीत नदीच्या आरतीचा व नदीच्या शुद्धीचा संबंध जितका स्पष्ट झाला आहे, तितका तो मोठमोठ्या योजनांच्या अहवालांत झालेला नाही. आधी खालच्यांच्या तोंडचे त्यांस द्यावे. मग घाटावर दिवे सोडावेत.

पंचगंगेच्या बाबतीत हे काम अशक्य कोटीतले नाही. नदी ८० किलोमीटरांची आहे, नाले मोजता येतात, कारखाने मोजता येतात, उपाय ठाऊक आहेत व दुसरीकडे अमलातही आलेले आहेत. तिच्या काठच्या प्रत्येक गावास आपल्या वरच्या गावाविषयी तक्रार आहे आणि ती बहुतेक खरी आहे. त्या तक्रारीचा कागद लिहून झाला, की तो पाठविण्यापूर्वी गावाच्या नावाची जागा कोरी ठेवून खालच्या गावाच्या वतीने तो स्वतःच एकदा वाचून पाहावा. त्यातील किती वाक्ये न बदलता लागू पडतात ते पाहावे, आणि मग आपल्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन कामास लागावे.